गुहागरहून परतल्यावर आधी काय सांभाळाल?

पहिल्यांदाच मुलांना घेऊन मे महिनाभर समुद्राकाठी राहिलात, फार छान केलंत! आता ठाण्याला येऊन घडी बसवायची धास्ती वाटतेय, तर सुरुवातीला एवढंच बघा.

सगळ्यांची हमखास चूक म्हणजे रविवारी रात्री घर गाठायचं आणि सोमवारी लगेच डबा, रिक्षा, ऑफिस. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याआधी दोन मोकळे दिवस हवेतच. पुढच्या वर्षी चिपळूणहून परतीचं तिकीट आरक्षण उघडताच, म्हणजे 60 दिवस आधी काढा. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात.

झोपेचं महत्त्वाचं. अंगणात अकरापर्यंत पत्ते कुटणारी मुलं नऊला झोपणार नाहीत, म्हणून रागवू नका. सकाळी रोज अर्धा तास लवकर उठवा, दुपारची झोप बंद. तीन-चार दिवसांत रात्री आपोआप डोळे मिटायला लागतात.

बॅगा त्याच दिवशी उपसा:
- पोहायचे कपडे गॅलरीत झटका, साध्या पाण्यात खळबळा, मगच मशीन. मीठ राहिलं तर दमट हवेत कपडे चिकट राहतात.
- आमसुलांना ऊन दाखवून कोरड्या बरणीत भरा.
- आंबे पेटीतून काढून वर्तमानपत्रावर सुटे पसरा, डागाळलेला लगेच बाजूला.

पुस्तकांना कव्हरं, क्लासची चौकशी हे सगळं नंतर. पहिला आठवडा रात्री खिचडी-पापड असला तरी अगदी चालतं.