खेड्यात इलेक्ट्रिक कार घेताय? आधी घराचं अर्थिंग तपासा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहता, शिकवता ती शाळा ३२ किलोमीटरवर आहे, गाडी रात्री अंगणातच उभी राहणार, लाईटचा भरवसा नाही आणि उन्हाळा विदर्भाचा. अशा ठिकाणी इलेक्ट्रिक कार घ्यावी का, ती चोरीला जाईल का, आणि चार्जिंगचं कसं जमेल?

घ्या. मी कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शेती आहे आणि छोटं कृषी केंद्र आहे. दीड वर्षात गाडी २६ हजार किलोमीटर चालली. एक पूर्ण उन्हाळा आणि दोन पावसाळे तिने पाहिले. पण घेण्याआधी एक काम करा, आणि ते शोरूममधलं नाही, तुमच्या घरातलं आहे: अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी तार, तपासा. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

गाडी आली त्या संध्याकाळी पूजा झाली, नारळ फुटला, घरचे सगळे अंगणात जमले आणि मी चार्जर ओसरीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावला. चार्जरवर लाल दिवा. काढला, पुन्हा लावला, पुन्हा लाल. मदत क्रमांकावर फोन केला तर गाडीत दोष नाही म्हणाले. दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आयुष्यात एवढी मोठी रक्कम एकदाच घातली आणि दारात लोखंड उभं, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (वीज परत नेणारी तार) धरला, पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, नुसता काळा. मग बोर्ड उघडला. हिरवी वायर आत येऊन तिथेच तोडलेली होती, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. तो म्हणाला, "भाऊ, तिसरी पिन हाये, पन तिले कोनं वायरच नाही जोडलं. तुमची गाडी चांगली हाये, घरच बिना अर्थिंगचं हाये." वीस वर्षं आम्ही त्या घरात फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर चालवली होती. कूलरला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याला आम्ही 'ओलं आहे म्हणून' म्हणायचो.

फ्रीज, कूलर अर्थिंग नसलं तरी चालतात. गाडीचा चार्जर चालत नाही. तो आधी अर्थिंग तपासतो, नसेल तर वीज घेतच नाही. ही खोड नाही, माणसाचा जीव वाचवण्याची सोय आहे, कारण पावसात ओल्या अंगणात उभं राहून आपण हजार किलोहून जास्त वजनाच्या लोखंडाला हात लावणार असतो. काही लोक न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनला जोडून चार्जरला फसवतात. तुम्हाला कोणी असं करून देतो म्हणाला तर त्याला बोर्डाला हातही लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

आम्ही नहाणीच्या मागे खड्डा खणला, कारण तिथे ओल असते. लोखंडी जस्ती पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी टाकायला नळी. दिवा हिरवा झाला. पण मे महिन्यात, नवतप्यात, पुन्हा लाल! आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकली, पाईपपासून सुटली की अर्थिंग कमजोर होतं. दोन बादल्या पाणी ओतलं आणि तासाभरात चार्जिंग सुरू झालं. आता मार्च ते जून दर चार दिवसांनी तिथे एक बादली जाते, तुळशीला जाते तशीच.

दुसरी गोष्ट सॉकेट. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर आपण इस्त्री, मोटर थोडा वेळच चालवतो. गाडी त्यातून चार-पाच तास सलग वीज ओढते. माझं पहिलं सॉकेट तीन आठवड्यांत तपकिरी झालं, प्लगची एक पिन काळी पडली, वितळल्या प्लास्टिकचा वास आला म्हणून कळलं. आता मीटरपासून थेट चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाईन आहे, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) आहे, आणि पुढे कारखान्यात वापरतात तसलं निळं इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच लावायचा नाही. सुरुवातीचे काही दिवस अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात काढून घ्यावासा वाटला तर बंद करा. मंजूर भारही, म्हणजे घराला किती वीज ओढायची परवानगी आहे तेही, बघून घ्या. जुन्या घरांच्या बिलावर तो बऱ्याचदा एक किलोवॉटच असतो, गाडी एकटीच तीन घेते. अर्ज करून वाढवून घ्या.

आता लाईटचं. तुमचं रोजचं जाणं-येणं ६४ किलोमीटर. माझी बॅटरी ३० युनिटची आहे आणि मला युनिटमागे साडेसहा-सात किलोमीटर मिळतात. म्हणजे तुम्हाला रोज साधारण दहा युनिट, चार्जिंगमधली तूट धरून मीटरवर अकरा. घरच्या सॉकेटवर चार-साडेचार तास. रात्रभरात एवढी लाईट आमच्याही गावात येते. एखाद्या रात्री आलीच नाही तरी गाडीत दोन दिवसांचा साठा असतो. म्हणून सवय अशी ठेवा की घरी आलात की लावायची, रिकामी होण्याची वाट बघायची नाही.

खरा त्रास लाईट जाण्याचा नाही, डिम लाईटचा आहे. हरभरा-गव्हाच्या ओलितात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं, आणि चार्जर मधेच थांबतो. मी गाडीत वेळ लावून ठेवली आहे, रात्री अकरानंतर सुरू होतं. तुमच्या गाडीत करंट कमी करण्याची सोय असेल तर दहा अँपिअरवर ठेवा. हळू होईल, पण थांबणार नाही. वादळी पाऊस, विजा असतील तर मात्र प्लग काढूनच ठेवा.

आणखी एक सल्ला तुम्हाला गावात नक्की मिळेल, "शेतातल्या पंपाच्या लाईनवर लावा, फुकटात होते." करू नका. शेतीची जोडणी शेतीसाठीच असते. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिक्षिकेच्या नावावर असलं काही नको. त्यापेक्षा छतावर सोलर लावा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि आपल्या उन्हात रोज बारा युनिटच्या आसपास निघतात, म्हणजे तुमच्या शाळेच्या फेरीइतके. फक्त हे लक्षात ठेवा की साधं नेट मीटरिंगचं (जास्तीची वीज लाईनला देणारं) सोलर लाईट गेली की तेही बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाईट गेल्यावर सोलरवर गाडी लावू, हा हिशेब त्यात बसत नाही.

चोरीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलेल्या दिसता. चावीशिवाय ही गाडी सुरू होत नाही, ढकलून न्यायची तर पार्किंगला चाकं अडकलेली असतात. चार्जिंगला लावून लॉक केली की गनही (चार्जरच्या वायरीचं गाडीत बसणारं टोक) गाडीत अडकते. खेड्यात चोराला गाडीपेक्षा तांबं प्यारं. विहिरीवरच्या मोटरींची केबल कशी कापून नेतात, ते तुम्हीही ऐकलं असेल. म्हणून माझा चार्जर ओसरीच्या आत, जाळीच्या दारामागे आहे आणि फक्त गनची वायर बाहेर येते. काम झालं की तीही आत.

खिशातून न काढता दार उघडणारी चावी असेल तर ती दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. त्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडी उघडण्याची चोरी शहरात होते. आमच्या घरी ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आतल्या खोलीत असते. डब्यात ठेवून गाडीपाशी जा, दार उघडलं नाही तर डबा चांगला.

मला खरा धडा मिळाला तो मोबाईलच्या अ‍ॅपचा. ताबा घेताना शोरूममधल्या पोराने स्वतःच्या फोनवर माझ्या गाडीचं खातं उघडून दाखवलं. मी फोटो काढण्यात गुंग. आठ दिवसांनी मुलीने अ‍ॅपमध्ये बघितलं तर दुसरा एक फोन अजून जोडलेला. म्हणजे माझी गाडी कुठे आहे हे त्याला दिसत होतं, दारही उघडता आलं असतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, फोन केल्यावर त्याने माफीही मागितली. पण तुम्ही एकट्या प्रवास करणार आहात, म्हणून कळकळीने सांगतो: ताबा घेताना खातं तुमच्याच नंबरवर, तुमच्याच हातात उघडा, पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि जोडलेल्या फोनांची यादी बघा. अ‍ॅपमध्ये हद्द आखून ठेवता येत असेल तर घर आणि शाळा धरून आखा, गाडी बाहेर गेली की निरोप येतो. तो गाडीतल्या सिमवरून येतो, आणि आमच्याकडे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. त्यामुळे अंगणातला दिवा आणि फाटकाचं कुलूप सोडू नका.

लहानशी १२ व्होल्टची बॅटरी याही गाडीत असते, दारं आणि स्क्रीन तिच्यावर चालतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही. उन्हाळी सुटीत माहेरी जाणार असाल तर चावीच्या पोटातली लोखंडी चावी कशी काढायची ते आधीच शिकून घ्या. आणि उंदीर! सोयाबीनची पोती ठेवलेल्या शेडमध्ये गाडी लावली आणि पंधरा दिवसांत एक वायर कुरतडली. आता पोती एकीकडे, गाडी दुसरीकडे. बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना स्वतः किंवा गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही, त्यात जिवावर बेतणारा विजेचा दाब असतो.

उन्हाचं म्हणाल तर कंपनी ३०० च्या वर सांगते, मला दोनशे-दोनशेदहा मिळतात, आणि नवतप्यात एसी लावून १८०. तुमच्या ६४ ला काहीच अडचण नाही. शाळेत कडुनिंबाखाली लावा. तापलेल्या गाडीला लगेच फास्ट चार्जिंग लावण्याआधी थोडं सावलीत उभं करा. बॅटरीचे दोन प्रकार असतात: एलएफपी असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात, एनएमसी असेल तर रोज ऐंशीवर थांबलेलं बरं. विकणाऱ्याला हे नावाने विचारा. पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर थांबा. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तिच्यात पाणी शिरत नाही, पण वाहत्या पाण्यात गाडी वाहून जाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

नागपूरला आईला डॉक्टरकडे दाखवायला दोन महिन्यांनी जावं लागतं, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. एकदा येताना १४ टक्के उरले आणि ज्या चार्जरच्या भरवशावर होतो त्याचा स्क्रीन काळा. आई मागे झोपलेली. शेजारच्या ढाब्यावाल्याने फ्रीजचा प्लग काढून आम्हाला जागा दिली, दोन तासांत तीस-पस्तीस किलोमीटरची सोय झाली, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी चाळीस टक्क्यांवरच थांबतो, निघण्याआधी चार्जरवर फोन करतो आणि पुढचा चार्जर कुठे आहे ते बघून ठेवतो. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण तिथे नव्वदच्या वर गेलात की टक्के डोळ्यांदेखत उतरतात.

गल्लीत मात्र जपून. गाडीचा आवाज नसतो, आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं आवाजावरच बाजूला होतात. मी घराच्या वळणावर हळू होऊन हॉर्नला नुसतं बोट लावतो.

आता तुमच्या वायरमनला व्होल्टेज मोजायचं मीटर घेऊन बोलवा आणि गाडी जिथे लावणार त्या सॉकेटवर तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थिंग, न्यूट्रल ते अर्थिंग. पहिले दोन जवळपास सारखे हवेत, तिसरा शून्याच्या आसपास, दोन-तीन व्होल्ट चालतात. माझ्याकडे तिसरा चाळीस निघाला होता. एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सातला घ्या, आणि आकडे इथेच खाली लिहा. बघून सांगतो काय करायचं ते.