समोरचा काठ दिसतो, पण अंतर किती? तलावाकाठच्या सायकलफेरीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका तलावाला रोड बाइकवर पूर्ण फेरी मारायची आहे. तलाव ९ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ४ किलोमीटर रुंद आहे. अंतर किती धरावं आणि कोणत्या दिशेने निघावं?

उत्तर : पाण्याकडे बघून अंतर ठरवलं की हमखास फसगत होते. तलाव नैसर्गिक आणि लांबट असेल, काठ फारसा कातरलेला नसेल, तर ९ बाय ४ च्या लंबगोलाचा परीघ साधारण २१ किलोमीटर भरतो. रस्ता काठापासून थोडा आतून जातो म्हणून २५ धरा. धरणाच्या जलाशयाचं गणित मात्र निराळं. तिथे दरी अडवलेली असते, त्यामुळे दरीला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यात पाण्याचा एक फाटा शिरतो. रस्ता त्या फाट्याच्या टोकापर्यंत आत जातो, छोट्या पुलावरून ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूने परत बाहेर येतो. नकाशावर असे फाटे मोजा आणि प्रत्येकाची खोली दुप्पट करून परिघात मिळवा. दोन-दोन किलोमीटर खोल असे चार फाटे असले, तर १६ किलोमीटर तिथेच वाढले.

दिशेचं म्हणाल तर वाहतूक डावीकडून असेल तिथे तलाव डाव्या हाताला ठेवा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने जा. शेतवाटा आणि जोडरस्ते बहुतेक जमिनीच्या बाजूने येतात, ते मग तुमच्या कडेला येत नाहीत. पाण्याशी थांबायलाही रस्ता ओलांडावा लागत नाही. जपानमधल्या बिवा सरोवराची सुमारे २०० किलोमीटरची फेरी याच कारणाने घड्याळाच्या उलट दिशेने मारतात. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांत हेच उलटं करायचं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. तलावाच्या फेरीला मधून परतायची आडवाट नसते. अर्ध्यावर पोचलात की पुढे जा किंवा मागे फिरा, अंतर सारखंच. म्हणून अवघड भाग पहिल्या एकतृतीयांश अंतरात येईल अशा ठिकाणाहून सुरुवात करा. दमलात तर तेवढ्यावरून माघारी फिरता येतं. अंतराबद्दल शंका असेल तर पहिल्या वेळी फेरी नकोच. एकाच काठाने जाऊन त्याच वाटेने परत या.

प्रश्न : अॅपवर मार्ग आखला तर ४० ऐवजी १८ किलोमीटरच दाखवतो. असं का?

उत्तर : मार्गाची रेघ मोठी करून बघा, ती बहुधा पाण्यावरून गेलेली असेल. बरीच अॅप वापरतात त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात फेरीबोटींचे मार्गही नोंदलेले असतात आणि अॅप त्यांनाच जवळचा रस्ता समजतं. पलीकडच्या काठावर दोन-तीन थांबे टाकले की रेघ रस्त्यावर येते. थांबे रस्त्यावरच टाका. पाण्याच्या कडेला टाकलेला थांबा पायवाटेला किंवा बांधावरच्या कच्च्या वाटेला चिकटतो.

प्रश्न : रस्ता पाण्याच्या कडेनेच जातो, तरी ५५ किलोमीटरला ९०० मीटर चढ दाखवतात. हे खरं असेल का? माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या (५०/३४) आणि मागे ११ ते २८ दातांच्या चकत्या (११-२८) आहेत.

उत्तर : आकडा फुगलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बऱ्याच अॅपमधली उंची जमिनीच्या चौकोनी तुकड्यांच्या नोंदींवरून काढलेली असते आणि तो चौकोन सहसा ३० मीटरचा असतो. उभ्या उताराच्या पायथ्याने रस्ता जात असेल, तर एका चौकोनात रस्त्याची उंची येते आणि पुढच्यात वरच्या टेकाडाची. मग आलेखात करवतीसारखे दात दिसतात. खात्री करायची तर समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा उघडा. रस्ता त्या रेषांना समांतर धावत असेल तर तो चढत नाही. रेषा कापत असेल तिथेच खरा चढ.

पण म्हणून काठाचा रस्ता सपाटच समजू नका. टेकडीची सोंड पाण्यात उतरते तिथे रस्ता काठ सोडून सोंडेवर चढतो. ५०० मीटरमध्ये ४० मीटर म्हणजे ८ टक्के चढ झाला. ३४/२८ वर, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दातांच्या चकतीवर, पॅडलचे मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग ताशी साधारण १०.७ किलोमीटर होतो, आणि सायकलसह ८५ किलो वजनाला तो राखायला २०० वॉटच्या वर जोर लागतो. ३४/३२ वर तोच वेग ९.४ वर येतो आणि जोर १८५ वॉटच्या आसपास. एका चढावर हा फरक किरकोळ वाटेल. असे पंधरा चढ आले की तोच गुडघ्यात जाणवतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ दात झेपणारा असेल तर ११-३२ कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवून घ्या. चेनची लांबी मात्र पुन्हा तपासावी लागते.

गिअर कधी बदलता, हेही महत्त्वाचं. ओढ्याच्या पुलाकडे उतरताना पॅडलवर भार नसतो, तेव्हाच चेन पुढच्या लहान चकतीवर (चेनरिंगवर) आणा. चढाला लागल्यावर, चेन ताणलेली असताना बदलायला गेलात तर ती अडकते किंवा निसटते, आणि ऐन चढावर पाय खाली टेकावा लागतो.

प्रश्न : सकाळी सायकल सुरेख पळते, दुपारी परतताना वारा तोंडावर येतो. रोज असंच का होतं?

उत्तर : मोठ्या तलावाकाठी हे उन्हाळी दिवसांत नेहमीचंच आहे. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तलावावरची गार हवा जमिनीकडे वाहू लागते. पहाटे हे जवळजवळ थांबलेलं असतं. त्यामुळे काठाने जाताना हा वारा बहुतेक आडवा लागतो, आणि तलावाकडे परत येणाऱ्या रस्त्यावर तोंडावर. उजाडताच निघा आणि ऊन तापायच्या आत परता. झाडी संपून उघडा बांध किंवा लांब पूल सुरू होतो तिथे आडवा झोत एकदम बसतो. हॅण्डल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा. खोल, म्हणजे उंच कडेच्या रिमचं पुढचं चाक अशा मार्गावर टाळलेलंच बरं.

प्रश्न : एकाच फेरीत मागचं चाक दोनदा पंक्चर झालं, दुसऱ्यांदा तर नव्या ट्यूबसकट. टायर २५ मिमीचे आहेत.

उत्तर : पहिला काटा टायरमध्येच राहिला असणार. टायरवरच्या छापील नावाचा मध्य नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा टायर बसवायची सवय लावा. ट्यूब काढली की हवा भरून ती दुप्पट जाड करा आणि ओठांजवळून फिरवा. बारीक गळतीसुद्धा ओठांना कळते. भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर असेल, तर टायरवरही छापील नावापासून दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर शोधा, कारण ट्यूब उलटी धरलेली असू शकते. टायरच्या आतून बोटाऐवजी कापड फिरवा. काच असेल तर कापडाचे धागे अडकतात, बोट मात्र कापतं.

भोकाची जागाही बोलते. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. बाहेरच्या बाजूला एकच टोचा असेल तर काटा किंवा काच. पावसाचं पाणी वाळू, काटे, काचा रस्त्याच्या कडेला आणून टाकतं, आणि ओल्या रबरात टोक सहज शिरतं. पाऊस पडून गेल्यावर कडेपासून मीटरभर आत चालवा.

ट्यूब घालण्याआधी तिच्यात गोल होण्यापुरती हवा भरा. टायर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकला आणि दोन्ही अंगांनी टायर चिमटीत दाबत पूर्ण फेरी तपासा. ट्यूब कुठेही कडेखाली दिसता कामा नये. ७५ किलो वजनाला २५ मिमीच्या टायरमध्ये पुढे सुमारे ८० आणि मागे ८५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिमी घ्या आणि ६५-७० वर चालवा. खडबडीत काठरस्त्यावर ते कितीतरी सुखाचे. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायला आतली आकडी नसलेली, असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर जाऊ नका, म्हणजे अशा रिमवर २५ मिमीला वरचे आकडे चालणार नाहीत.