हिजाबबंदी, बुरखाबंदी की नकाबबंदी?

चिपळूणच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सीरिया आणि इजिप्तच्या विद्यापीठांत चेहरा झाकण्यावर आलेल्या बंदीबद्दल ते लिहीत आहेत. शीर्षक योजलंय 'बुरखाबंदीमागचं राजकीय कारण'. यातला 'बुरखा' बरोबर का, आणि 'कारण' म्हणावं की 'हेतू'?

इथे नकाबबंदीच लिहा. डोळ्यांखाली चेहरा झाकतो तो नकाब. केस, कान, मान झाकून चेहरा उघडा ठेवतो तो हिजाब. घोळ बुरख्याचा आहे. म्हसळा-श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत कपड्यांवरून घातलेल्या काळ्या पायघोळ झग्याला सरसकट बुरखा म्हणतात, मग चेहरा उघडा असो वा झाकलेला. त्यामुळे 'बुरखाबंदी' वाचून नेमकं काय बंद झालं ते कळत नाही. (उन्हाधुळीसाठी डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळलेली स्कूटरवरची मुलगी चेहरा नकाबाइतकाच झाकते. तिला कोणी नकाबवाली म्हणत नाही!)

हा फरक कोर्टातही कामाला येतो. कर्नाटकातला 2022 चा वाद हिजाबचा होता, चेहऱ्याचा नव्हे. त्याला बुरखाबंदी म्हणणं सरळ चूक. मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजच्या नियमात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज सगळंच होतं. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. बातमीत एकच शब्द वापरला तर हा आदेश सांगताच येणार नाही.

आता कारण आणि हेतू. आदेशात लिहिलेलं असतं ते कारण; आदेश काढून जे साधायचं असतं तो हेतू. कैरो विद्यापीठाने 2015 मध्ये अध्यापिकांना वर्गात नकाब घालायला मनाई केली. कारण दिलं ते असं, की चेहरा झाकला तर विद्यार्थ्यांशी संवाद नीट होत नाही, विशेषतः भाषा शिकवताना. कारण खोटं नाही, उच्चार शिकवताना ओठ दिसावे लागतात. पण 2013 मध्ये इजिप्तचे इस्लामवादी राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवल्यानंतर सरकार इस्लामवादी संघटनांना संस्थांमधून मागे रेटत होतं, आणि नकाब हे त्या वर्तुळाचं चिन्ह मानलं जाई. तिथे 'राजकीय हेतू' शोभतो.

सीरियाचं उदाहरण जास्त बोलकं. 2010 च्या जुलैत विद्यापीठांत नकाबबंदी आली, त्याआधी नकाब घालणाऱ्या शेकडो शिक्षिकांना शाळांतून हलवलं होतं. धर्मनिरपेक्षता जपायची, हे सांगितलेलं कारण. पुढच्या मार्चमध्ये सरकारविरोधी आंदोलन पेटलं आणि एप्रिल 2011 मध्ये त्याच शिक्षिकांना परत घेण्याचा निर्णय झाला. नऊ-दहा महिन्यांत धर्मनिरपेक्षता बदलत नाही. धार्मिक वर्गाला चुचकारण्याची गरज तेवढी बदलली. अशा ठिकाणी मी 'सबब' लिहीन. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'कारण' एवढाच, मराठी बोलण्यात मात्र तो 'निमित्त' झाला. फक्त सरकारी पत्रात जपून: 'सबब, अर्ज नामंजूर' मधला सबब म्हणजे 'म्हणून'.

प्रत्येक नकाबबंदीला 'राजकीय' हे लेबल लावू नका. केरळच्या मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने 2019 मध्ये आपल्या कॉलेजांत चेहरा झाकायला मनाई केली. तो समाजांतर्गत वाद आहे, तिथे सरकारी राजकारणाची चौकट बसत नाही.

लिहिताना एवढं पाहा: नकाबबंदी जोडून, दोन्ही 'ब' ठेवून. 'नकाबवर बंदी' पेक्षा 'नकाबावर' बरं, जसं गुलाबावर, हिशेबावर. 'हेतू' दीर्घ, पण 'हेतुपुरस्सर' मध्ये ऱ्हस्व.