उत्तर: कुर्शवेलहून वाल थोराँसला एका दिवसात जाऊन येणं

"वाल थोराँसला जेवायचं आणि संध्याकाळी कुर्शवेलच्या हॉटेलवर परत, दोघंही ब्लू रनवाले" हा तुमचा स्कीइंगचा बेत वाचला आणि राहवलं नाही. (ब्लू रन म्हणजे सोपी घसरवाट.) बूट, कपडे, बुकिंग हे सोडून देतो.

थ्री व्हॅलीजचे, म्हणजे फ्रेंच आल्प्समधल्या कुर्शवेल, मेरिबेल आणि वाल थोराँसच्या जोडलेल्या दऱ्यांचे 600 किलोमीटर रन नकाशावर सलग दिसतात, पण डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट चालू आहेत तोवरच ते सलग. परतीला तुम्हाला दोन डोंगरधारा ओलांडायच्या आहेत. आधी वाल थोराँस आणि मेरिबेलच्या मधली, मग मेरिबेलच्या दरीतल्या मोतारेला (1750 मीटर) उतरून सोलिर शिखराची, म्हणजे पुन्हा 2700 मीटरच्या आसपास. यातली एक लिफ्ट हुकली की टॅक्सी. वाल थोराँस दरीच्या टोकाला आहे. तिथून दरीच्या पायथ्याच्या मूतिए गावापर्यंत खाली साधारण 37 किलोमीटर, मग कुर्शवेलपर्यंत वर जवळपास 25. भाडं दिवसाच्या लिफ्ट पासापेक्षा जास्तच.

तिकीट खिडकीवर हे कोणी सांगत नाही. आम्हाला सगळ्या दऱ्यांचा सहा दिवसांचा पास झटकन विकला. धारेवरची शेवटची लिफ्ट किती वाजता, वारा सुटला तर कोणती आधी बंद होते, असं विचारलं तर "ॲपवर बघा." अहो, पैसे घेता तर एवढं सांगा की! वारा सुटला की बंद होतात त्या नेमक्या वरच्या लिफ्ट, आणि गावातल्या चालू असून उपयोग नाही.

माझं ठाम मत: जेवण मोतारेला, वाल थोराँस सकाळी. तिथून दीडच्या आत निघा. बंद होण्याची वेळ लिफ्टच्या पायथ्याला लिहिलेली असते, ती जातानाच बघा आणि सोलिरच्या वेळेतून उलटं मोजा: ब्लू रनवाल्यांना दोन तास, रांगेला वेगळा अर्धा. दुपारनंतर रनवर बर्फाचे ढिगारे होतात, पाय थकलेले असतात, वेग निम्मा होतो. डिसेंबर-जानेवारीत लिफ्ट मार्चपेक्षा लवकर बंद होतात. वेळा दर हंगामात बदलतात, तेव्हा माझे आकडे अंदाजच समजा.

पासाचंही तसंच. फक्त कुर्शवेलचा पास घ्या आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी बाकीच्या दऱ्यांचं एक दिवसाचं एक्स्टेन्शन. नवख्यांना सहा दिवस सगळं लागत नाही.

पास डाव्या खिशात एकटा ठेवा, मोबाइलशेजारी असला तर गेट उघडत नाही. कागदी नकाशा हवाच, थंडीत बॅटरी पटकन बसते. आणि व्हिसासाठी काढलेल्या 30,000 युरोच्या पॉलिसीत स्कीइंग वगळलेलं आहे का, ते वाचा. रनवरून उचलून आणण्याचं बिल येतं; वगळलेलं असेल तर पासासोबत मिळणारा रोजचा विमा घ्या.