आजोबांचं बटणाचं रीळ भंगारात देऊ नका, आधी उघडा

तुम्ही लिहिलंय की आजोबा बोटीवर होते, त्यांनी आणलेलं झेब्को ३३ हे मासे गरवायचं रीळ माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. हँडल फिरतं पण तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आत येत नाही, अंगठ्याचं बटण दाबलं की आतच बसतं, आणि फटीतून काहीतरी हिरवं दिसतंय. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या आणि नवीन घ्या. तसं करू नका. या वर्णनावरून रीळ मोडलेलं वाटत नाही, अडकलेलं वाटतं. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट होतं आणि पहिल्या दोन्ही तक्रारी त्यातूनच येतात. मी जितकी बंद तोंडाची रिळं उघडली, त्यांतली बहुतेक अशीच होती. जी खरोखर मोडली होती, ती कोणीतरी पक्कड लावून जोर केल्यामुळे.

आधी आतलं काम समजून घ्या, मग हात आपोआप जपून चालतो. या रिळात तंगूस गुंडाळलेली फिरकी फेकताना फिरतच नाही, जागच्या जागी उभी असते आणि तंगूस तिच्या तोंडावरून निसटत बाहेर जातो. आर. डी. हल नावाच्या टेक्सासच्या माणसाला ही कल्पना किराणा दुकानात सुचली असं सांगतात. पुडी बांधणारा उभ्या गुंड्यावरून सुतळी ओढत होता आणि गुंडा हलत नव्हता. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानात हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हल ते रीळ घेऊन १९४७ साली ओक्लाहोमातल्या टल्सा गावी झिरो अवर बॉम्ब कंपनीकडे गेला. ही कंपनी तेलविहिरींत उडवायचे वेळेचे बॉम्ब बनवायची. १९४९ मध्ये पहिलं रीळ बाजारात आलं, १९५४ मध्ये तुमचं ३३. झेब्को हे नाव त्या बॉम्ब कंपनीच्याच आद्याक्षरांचं.

फिरकीच्या पुढे एक वाटीसारखं डोकं असतं आणि त्याच्या कडेला एक छोटी पिन. बटण दाबलं की मधला दांडा पुढे सरकतो, पिन आत जाते आणि बटण सोडलं की तंगूस मोकळा होतो. फेकून झाल्यावर हँडल पुढे फिरवलं की पिन टक्कन बाहेर येते, तंगूस पकडते आणि गुंडाळायला लागते. तुमच्या रिळात ती पिन आतच चिकटून बसली असणार. म्हणून हँडल फिरतं, पण पकडायला काहीच नाही. बटण परत येत नाही तेही त्याच दांड्यावरच्या वाळलेल्या ग्रीसमुळे. क्वचित स्प्रिंग गंजलेली निघते.

उघडताना खाली स्टीलचं ताट घ्या, त्यात पांढरा फडका अंथरा. खिडकीपाशी दिवसाउजेडी बसा. पुढची टोपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून निघते. मीठ धरून घट्ट बसली असेल तर कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि रबरी हातमोजा घालून फिरवा. पक्कड नको, टोपी चेपली की तंगूस कायम घासत राहतो. त्यानंतरचं डोकं काही रिळांत नटाने बसतं, काहींत थेट आट्यांवर. कुठल्या बाजूने सुटतं ते दोन्हीकडे अगदी हलकेच बघा. हलत नसेल तर आट्यांवर पातळ तेलाचा थेंब टाकून रात्रभर थांबा. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, आणि वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा. हे मी फार कळकळीने सांगतोय, कारण वायसर उलटसुलट बसले की ब्रेक, म्हणजे मासा ओढायला लागला की तंगूस बेताने सोडणारी चकत्यांची जोडणी, कधीच नीट लागत नाही.

सफाईला पूर्वी रॉकेल वापरायचो. आता मिळत नाही, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणतो. जुना टूथब्रश आणि कानातल्या काड्या पुरतात. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटता नको. थिनरला हात लावू नका, प्लास्टिकचे भाग त्याने खराब होतात. मीठ काढायला मात्र साधं कोमट गोडं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब यासारखं दुसरं काही नाही.

ते हिरवं म्हणजे कळंक. गिअर पितळी असेल तर तो भाग सुटा करून चिंचेच्या कोळाने पुसा, देवाची भांडी करतो तसाच, आणि लगेच धुऊन कोरडा करा. पण ॲल्युमिनियमला आंबट लावू नका. वडिलांच्या रिळाची फिरकी मी एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली होती. सकाळी तिच्यावर बारीक खड्डे पडले होते आणि ते पुन्हा कशानेही भरून आले नाहीत. ती फिरकी अजून माझ्याकडे आहे. ती बघितली की अजूनही वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ पिनला द्या. ती बोटाने दाबली की आत जायला हवी, सोडली की अडखळता कामा नये. मग भिंगाखाली बघा. तंगूस वर्षानुवर्षं घासून तिच्यावर चर पडतो, आणि तोच चर पुढे नवा तंगूस कापतो. मासा ऐन काठाशी आल्यावर तंगूस तुटतो तेव्हा आपण तंगुसाला दोष देतो, पण दोष पिनचा असतो. चर नखाला लागत नसेल तर झिरो पेपरने (अगदी बारीक पॉलिश पेपरने) हलकं गुळगुळीत करा. नख अडकत असेल तर पिन बदलायलाच हवी. सुटे भाग म्हणून मी शुक्रवारी पहाटे चोरबाजारात बंद पडलेली रिळं शोधतो, एकातून दुसरं उभं राहतं. स्प्रिंग नागदेवी स्ट्रीटला मापाने मिळू शकते, जुनी सोबत न्या.

परत जोडताना गिअरच्या दातांना पांढरं मरीन ग्रीस, तेही काडीच्या टोकाने. दांड्याला आणि हँडलच्या मुठीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. पिनपाशी ग्रीस नको, तेलाची नुसती पुसट. ब्रेकच्या चकत्यांना तेल अजिबात नको, कोरड्या फडक्याने पुसा. घरात आहे म्हणून खोबरेल घालू नका. ते थिजतं, खवट होतं, आणि दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच जागी येता.

जुना तंगूस सगळा काढून टाका, वेटोळ्यांचा आकार धरलेला तंगूस सरळ होत नाही. नवा दहा पौंडी साधा नायलॉनचा भरा. फिरकीच्या काठापासून तीनेक मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर टोपीच्या आत गुंता होतो. विणलेला तंगूस या रिळाला नको, तो फिरकीवर घसरतो. मासा तंगूस ओढून नेत असताना हँडल फिरवत राहू नका, त्याने तंगुसाला पीळ पडतो. काठी उचलून त्याला जवळ आणा, मग काठी खाली नेताना गुंडाळा.

हे रीळ मुळात गोड्या पाण्यासाठीचं. पवईला कटला-रोहूसाठी निर्धास्त न्या. वरळीच्या खडकांवर किंवा मढला गरवायला नेलंत तर घरी आल्यावर त्याच रात्री बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, टोपी काढून डोकं कोमट गोड्या पाण्यात हलकेच विसळा आणि उघडंच वाळू द्या. नळाची धार नको, ती मीठ आत ढकलते. पावसाळ्यात पेटीत बंद ठेवताना ब्रेक सैल करून ठेवा.

उघडल्यावर पिनचा आणि स्प्रिंगचा जवळून फोटो टाका. बटण तेव्हाही परत येत नसेल तर स्प्रिंगची लांबी आणि तारेची जाडीही लिहा, म्हणजे कोणती घ्यायची ते सांगता येईल.