मगरीच्या पाठीवर हाडं कशाला?

प्रश्न: आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मध्ये राणीच्या बागेत मगर बघितली तेव्हापासून माझा तिसरीतला मुलगा विचारतोय की तिच्या पाठीवरचे उंचवटे म्हणजे हाडं का, आणि मग ती बाहेर कशी आली. मी चिलखत म्हणून सांगितलं, पण त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही. अजून काही उपयोग असतो का?

उत्तर: ताई, मुलाने बरोबर ओळखलंय, हाडंच आहेत ती. फक्त सांगाड्यातून बाहेर आलेली नाहीत, कातडीतच तयार झालेली. ऑस्टिओडर्म म्हणतात त्यांना. वर नखासारखा केराटिनचा थर असतो म्हणून आपल्याला नुसता खवला दिसतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ती नसतातच, नंतर हळूहळू तयार होतात.

चिलखत हे उत्तर चूक नाहीये, अपुरं आहे. या हाडांत रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे मगर उन्हात पडून असते तेव्हा पाठीवर तापलेलं रक्त अंगभर फिरतं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच, मगर पाण्याखाली श्वास धरून राहिली किंवा शिकारीशी झटापट झाली की रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, आणि तेव्हा ही हाडं कार्बोनेट सोडून त्याचा जोर कमी करतात, आपण अ‍ॅसिडिटीला सोडा घेतो ना तसंच, फक्त हिचा सोडा हिच्या पाठीवरच असतो! केमन या मगरीच्या नात्यातल्या प्राण्यात हे तपासलेलं आहे. आणि अमेरिकन अ‍ॅलिगेटरची मादी अंड्यांच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियमसुद्धा इथून काढते.

आर्माडिलो नावाच्या अमेरिकेतल्या सस्तन प्राण्याचं कवच याच प्रकारचं. कोमोडो ड्रॅगन, म्हणजे घोरपडीचाच एक अवाढव्य भाऊबंद, त्याच्या डोक्याच्या कातडीत तर अशा बारीक हाडांची जाळीच असते, साखळ्यांच्या चिलखतासारखी. कासवाचं मात्र वेगळं, त्याच्या कवचात मुख्यतः बरगड्या आणि मणकेच.

आणि हे मुलाला नक्की सांगा, आपल्या कोकणातल्या खवल्या मांजराच्या खवल्यात हाड अजिबात नाही. नुसतं केराटिन, म्हणजे आपलं नख. त्यात औषध आहे असं समजून लोक त्या बिचाऱ्याला मारतात, फार वाईट वाटतं.

मगर रोज कुठे बघणार, पण पावसाळ्यात तुमच्या सोसायटीच्या बागेत सापसुरळी दिसेल. तिच्या त्या गुळगुळीत चकचकीत खवल्यांखालीही अशीच बारीक हाडं असतात. ती विषारी नसते, त्याला आरामात बघू द्या.