सोयाबीनच्या मुळांवरील गाठी आणि युरियाचा प्रश्न

प्रश्न असा आहे: पेरणीला महिना झाला, झाड उपटून पाहिले तर मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात, यावर कोणते औषध सोडावे, आणि पाने फिकट असल्यामुळे युरिया द्यावा का? दुसऱ्या एका शेतकऱ्यांनी विचारले आहे की, जिवाणू संवर्धक (पेरणीआधी बियाण्याला लावायचे उपयुक्त जिवाणू) लावूनही गाठी आल्याच नाहीत.

आधी गाठ नीट ओळखावी. झाड न ओढता खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढावे आणि मूळ पाण्यात हलक्या हाताने धुवावे. मुळाच्या बाजूला चिकटलेली, बोटाने सहज सुटणारी गाठ रायझोबियम वर्गातील जिवाणूंची असते. मूळच फुगून झालेली, वेगळी न निघणारी गाठ सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमीची) असते. सुटलेली गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर ती कामावर आहे, आणि तिच्यावर कोणतेही औषध सोडू नये. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातकुळीतील द्रव्याचा असतो; ते गाठीतील मोकळा प्राणवायू अत्यंत कमी ठेवते, कारण हवेतील नत्र (नायट्रोजन) पिकाला वापरता येईल अशा रूपात आणणारे जिवाणूंचे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते. या नत्राच्या बदल्यात झाड जिवाणूंना पानांत तयार झालेली साखर पुरवते. १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींतून वेगळे करून दाखवले.

आता युरियाविषयी. जमिनीत आयता नत्र भरपूर मिळाला की झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. नव्या गाठी कमी धरतात आणि असलेल्या मंदावतात. म्हणून पेरणीवेळची शिफारशीत मात्रा पुरेशी मानावी आणि गाठी गुलाबी असताना वरून युरिया फेकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असून शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते आणि युरियाने बरी होत नाही. शेतात पाणी साचले असेल तर गाठींचाही जीव गुदमरतो, तेव्हा प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावे आणि वाफसा येताच कोळपणी करावी.

गाठी न येण्यामागे बहुतेक वेळा संवर्धकाची हाताळणी असते. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही, कारण प्रत्येक पीकगटाचा जिवाणू वेगळा असतो. पाकिटावरील पिकाचे नाव आणि अंतिम तारीख पाहूनच ते घ्यावे. बियाण्याला आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडू नये. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक थंड केलेल्या गुळाच्या पाण्यातून हलक्या हाताने लावावे. सोयाबीनचे टरफल फार नाजूक असते, जोराने चोळल्यास उगवण घटते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे; पाकीट दुपारभर उन्हात बांधावर पडून राहिले, तर त्यातील जिवाणू मेलेले असतात.

शेंगा भरू लागल्यावर गाठी आतून हिरवट किंवा तपकिरी होतात, ते त्यांचे नैसर्गिक वार्धक्य आहे. काढणी विळ्याने जमिनीलगत करावी आणि मुळे रानातच राहू द्यावीत.